राखेच्या बुधवारापूर्वीचे नऊ सिनेमे

परवा माझी नात एका रविवारात पाच सिनेमे बघून उठली आणि मान चोळत म्हणाली, आजी, आज मॅरेथॉन झाली. आमच्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर जो टीव्ही आहे त्यात म्हणे हजारो सिनेमे भरून ठेवलेत. त्यातले निम्मे ती दीडपट वेगाने पळवते आणि उरलेले चालू असताना हातातल्या फोनमध्ये बघत असते. मी तिला म्हटलं, आम्ही चार दिवसांत नऊ पाहिले होते, एकही न पळवता, आणि मध्येच एकदा उठून प्रार्थनाही केली होती. ती "वॉव" म्हणाली आणि पाणी प्यायला गेली ती आलीच नाही. तेव्हा हे लिहायला घेतलं आहे. कागद निदान मध्येच उठून जात नाही.

आमची वाडी आगाशीच्या पुढे, समुद्राच्या अंगाला. केळी, पानवेली आणि घराच्या मागे मोगऱ्याचे वाफे. बाबा केळी आणि पानं बघायचे, मोगरा बयचा. आईला आम्ही बय म्हणतो. बय खाडीकडच्या भातशेतीच्या गावातून लग्न होऊन आलेली. तिच्या तोंडून 'ण' कधी आला नाही, आणि वाडीतल्या माणसांनी त्यावरून तिला कितीही चिडवलं तरी तिने आणायचा प्रयत्नही केला नाही. पहाटे फुलं खुडायची, वेण्या करायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून विरारच्या बाजारात पाठवायच्या, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन पुड्या देवळात. आम्ही आमच्या चर्चला देऊळच म्हणतो. दर शनिवारी देवळातली फुलं लावायचा मान बयचा होता, आणि त्याला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. घरात बोलणं कमी आणि आवाज फार. रहाटावरच्या पंपाची धडधड, केळीच्या पानांची फडफड, दुपारी बाराची देवळातली घंटा, संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, दहा-दहा मण्यांची पाच दशकं. त्या रोझरीत बाबा दुसऱ्या दशकाला झोपायचे आणि चौथ्याला बरोबर आपल्या ओळीवर जागे व्हायचे. हे त्यांना कसं जमायचं ते त्यांनाच ठाऊक.

मी देवाची होते. म्हणजे असं, की मी अडीच वर्षांची असताना मला कसलासा ताप आला आणि उतरेना, तेव्हा बय देवळातल्या माउलीच्या, म्हणजे देवमातेच्या, पायाशी नवस बोलली, पोर वाचली तर तुला देईन. आमच्याकडे पोर देवाला देणं म्हणजे तिला सिस्टर करणं. ताप उतरला. कोणी मेणबत्त्या वाहतं, कोणी माणसाच्या उंचीएवढी फुलांची माळ घालतं, बयने मला वाहिलं. हे मला इतकं लहानपणापासून माहीत होतं की त्याबद्दल मला काही वाटत असेल, असं मला स्वतःलाही कधी वाटलं नाही. उलट सोयीच फार होत्या. देवाच्या पोरीला मार कमी बसायचा, आणि बारावीची परीक्षा तोंडावर आली तरी कोणी अभ्यास कर म्हणत नव्हतं. देवाला टक्के लागत नाहीत असा घरात समज होता. ईस्टरनंतर मला मठात पाठवायचं ठरलं होतं, बाबांच्या मोठ्या बहिणीच्या मठात. ती सिस्टर बेर्नादेत, आम्ही तिला सिस्टरआत्या म्हणायचो. उंच, सडसडीत, घाटावरच्या एका गावात शाळा चालवणारी बाई. हसली तर फक्त चष्मा हलायचा.

त्या वर्षी दोन पाहुणे एकाच शनिवारी आले. सकाळच्या बसने सिस्टरआत्या आली. ती मला न्यायला नव्हे, बघायला आली होती. मुलगी बघायला जशी माणसं येतात तशीच. बयने फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोड गोळे, तळले, मी नवा फ्रॉक घालून बशी पुढे केली, आत्याने मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, सकाळी किती वाजता उठतेस? आणि दुपारी टॅक्सीने पास्कूकाका आला, बाबांचा धाकटा भाऊ, आखाती देशातून महिन्याच्या रजेवर. त्याच्या सामानात चादरीत बाळासारखा गुंडाळलेला एक व्हीसीआर होता. आमच्या पंचक्रोशीत तेव्हा दोनच व्हीसीआर होते, तेही भाड्याचे. काकाने तो ओटीवर मांडला तेव्हा बाबांनी एकदा हात धुऊन त्याला स्पर्श केला आणि पुन्हा हात धुतले.

अडचण एकच होती. बुधवार. राखेचा बुधवार आला की चाळीस दिवस आमचा उपवासकाळ. मटण-कोंबडी बंद, लग्नकार्य बंद, गाणंबजावणं बंद, आणि बयच्या हुकमाने रेडिओवरच्या बातम्यासुद्धा हळू आवाजात. सिनेमाचं तर नावच नको. आणि ईस्टर उजाडायच्या आत काकाची रजा संपत होती. म्हणजे ज्या माणसाने दोन वर्षं परमुलखात घाम गाळून व्हीसीआर आणला, त्याला तो बघायचा तर मंगळवार संध्याकाळपर्यंतच. काका तसाच सायकल काढून विरार स्टेशनकडे व्हिडिओ लायब्ररीत गेला. तिथे त्याच्याआधी वसईपासून अर्नाळ्यापर्यंतची सगळी ख्रिस्ती गावं येऊन गेली होती. लायब्ररीवाला आमच्या धर्माचा नव्हता, पण आमचा बुधवार त्याला पाठ होता. म्हणाला, चांगले सगळे गेले, तुम्ही लोक या आठवड्यात टोळासारखे येता. मग जे उरलं होतं ते काकाने पिशवीत भरून आणलं: एक डाकूंचा, एक भुताचा, एक रडका, एक पौराणिक, एक खुनाचा, एक कराटेचा, एक जुळ्या भावांच्या गोंधळाचा आणि एक कॉलेजातल्या प्रेमाचा, तोही लायब्ररीवाल्याने परत आलेली कॅसेट हातावर ठेवली म्हणून मिळाला. लोक म्हणतात आपण सिनेमे निवडतो. आमचे सिनेमे बुधवाराने निवडले.

आता हे सगळं सिस्टरआत्या घरात असताना. बयने भीतभीत तिला विचारलं, लावू की नको. आत्याने चष्मा पुसला आणि म्हणाली, बुधवारपर्यंत पाप नाही. मात्र प्रत्येक सिनेमा झाला की सगळ्यांनी बोध सांगायचा, आणि रेजीने आधी सांगायचा. रेजी म्हणजे मी. धर्मशिक्षणाच्या तासाला जसं विचारतात तसंच. अशा रीतीने सिनेमा पवित्र झाला. टीव्ही आमचा जुना काळापांढरा, ओटीवर अल्तारखाली होता. अल्तार म्हणजे भिंतीवरची लाकडी वेदी, तीत माउली आणि दोन संत. उपवासकाळाच्या शेवटी देवळात मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. बयने तोच उपाय लवकर सुरू केला. कॅसेट आत गेली की ती स्टुलावर चढून माउलीवर ओढणी टाकायची आणि सिनेमा संपला की काढायची. संतांना मात्र उघडेच ठेवलं. ते पुरुष होते, त्यांनी पूर्वी काहीबाही पाहिलेलं असणार असं तिचं म्हणणं.

शनिवारी दुपारी डाकू. शेजारच्या वाडीतल्या कमळाकाकू दार उघडं दिसलं म्हणून आल्या त्या मंगळवारपर्यंत येतच राहिल्या. त्यांना ना बुधवार ना उपवास, पण आमची घाई त्यांनी स्वतःची करून घेतली. डाकूने बापाचा सूड घेतला, आईने त्याला थोबाडीत मारली, मग पोलीस आले. संपल्यावर आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, घोडा एकच आहे. डाकूचाही तोच आणि पोलिसाचाही तोच, कपाळावर पांढरा ठिपका आहे. आत्या म्हणाली, हा बोध झाला का? मी म्हटलं, नाही, दिसलं ते सांगितलं. बाबा पहिल्या गोळीला झोपले होते ते तेवढ्यात जागे झाले आणि म्हणाले, वाईटाचं वाईट होतं. आत्याने मान डोलावली. पुढचे तीन दिवस बाबा एक सोडून प्रत्येक सिनेमाला झोपले आणि त्यांचा बोध दर वेळी बरोबर आला.

रविवारी सकाळची देवळातली मिस्सा झाल्यावर भुताचा लावला. भुताचा सिनेमा उन्हात बघावा, भीती वाळून जाते, हे काकाचं मत. हवेली, दिवा, पांढरी साडी आणि दाराच्या फटीतून बाहेर येणारा लांब नखांचा हात. तो हात नेमका आला आणि देवळात बाराची घंटा झाली. घंटा झाली की हातातलं काम टाकून उभं राहायचं आणि 'देवदूताचा निरोप' ही प्रार्थना म्हणायची, हे आमच्या रक्तातच. काकाने घाईने पॉज दाबला. त्या काळचा पॉज म्हणजे चित्र थांबायचं पण थरथरत राहायचं. आम्ही सगळे अल्तारकडे तोंड करून उभे, वर ओढणीखाली माउली, खाली आमच्याकडे झेपावलेला तो हात लटलट कापतोय, आणि बय खणखणीत आवाजात प्रार्थना सांगते आहे. कमळाकाकूही उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या, भूत तिथंच अडकलं ते तुमच्या देवामुळं.

दुपारी रडका. सून, सासू, आंधळा दीर, गहाण पडलेलं मंगळसूत्र. बय शनिवारी स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभी होती, जणू ती तिथे सहज उभी आहे. रविवारी सकाळी ती तोंड इकडे करून उभी राहिली. दुपारी ती सुपात लसूण घेऊन ओटीवर येऊन बसली आणि तो लसूण मंगळवारपर्यंत सोलून झाला नाही. कमळाकाकू सुरुवातीच्या पाट्यांपासूनच रडत होत्या. मला बोध विचारला तर मी म्हणाले, सासूचं म्हणणं बरोबर होतं, फक्त ती ते ओरडून सांगत होती. काकूंनी डोळे पुसता पुसता माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उठून त्यांना पाणी आणून दिलं. संध्याकाळी जुळ्या भावांचा लावला, पण सहानंतर आमच्याकडे विजेचा दाब उतरायचा आणि चित्र चारी बाजूंनी आत यायला लागायचं. दोन्ही भाऊ आक्रसत आक्रसत पोस्टकार्डाएवढे झाले, मग सात वाजले आणि रोझरी सुरू झाली. त्यातला खरा भाऊ कोणता हे मला आजतागायत कळलेलं नाही. नात म्हणाली शोधून देते, पण नाव कोणाला आठवतंय.

सोमवारी सकाळी कमळाकाकू नवी साडी नेसून आणि कुंकू नीट लावून आल्या, कारण पौराणिक होता. टीव्हीत देव प्रकट झाला की त्या हात जोडून उठायच्या. दुसऱ्यांदा त्या उठल्या तेव्हा बयही उठली. काका हसला, तर बय म्हणाली, देव दुसऱ्याचा असला म्हनून काय बसून बघायचा? त्या सिनेमापुरती तिने माउलीवरची ओढणीही काढली. आत्याचा चष्मा हलला.

पण खरी गंमत दुपारच्या खुनाच्या सिनेमात झाली. बंगल्यात आठ माणसं, म्हातारा मालक मेलेला, बाहेर वादळ. अर्ध्यात बय एकदम म्हणाली, मारनारा तो डॉक्टर. काकाने विचारलं, तू आधी पाहिलायस का? बयने आयुष्यात त्या शनिवारआधी तीनच सिनेमे पाहिले होते आणि तिन्ही संतांचे, देवळाच्या पटांगणात. ती म्हणाली, सगळ्यांना त्या कपाटाची चावी कुठं हाय ते विचारावं लागलं, त्याला नाही लागलं. मी चमकले, कारण मी तेच म्हणणार होते. मग आम्ही दोघी भिडलोच. तिला एक दिसलं की मला दुसरं दिसायचं. मोलकरणीचे डोळे कोरडे आहेत, जावई डावखुरा आहे, घड्याळ मागच्या वेळीही पाच वाजलेलेच दाखवत होतं. बयचे गाल लाल झाले होते. मागच्या अंगणात सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी केळी उन्हात घातली होती, ती दर तासाला परतायची होती, आणि इतकी वर्षं ज्या बाईने एका केळ्याला कावळ्याची चोच लागू दिली नव्हती तिने त्या दुपारी सबंध चटई कावळ्यांना देऊन टाकली. डॉक्टरच निघाला. बयने माझ्या मांडीवर चापट मारली, जोरात. तिची नि माझी अशी गट्टी त्याआधी कधी जमली नव्हती. बोध विचारायचं आत्या विसरली, किंवा तिने विचारला नाही. ती आमच्या दोघींकडे बघत होती.

त्यानंतरचा कराटेचा मला फारसा आठवत नाही. त्यात सगळे एकाच कारणासाठी मारामारी करत होते आणि ते कारण इंग्रजीत होतं.

मंगळवारी सकाळी मी पापनिवेदनाला गेले. बुधवारी कपाळाला राख लागण्याआधी मन धुऊन घ्यावं असा आमचा रिवाज, आणि त्या दिवशी देवळात रांग मोठी होती, बहुतेकांचं पाप तेच असणार. मी गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, फादर, मी नऊ सिनेमे पाहिले. मग खोटं बोलल्याचं पाप वाढायला नको म्हणून दुरुस्त केलं, सात पाहिले, दोन आज पाहायचे आहेत, पण तुम्हाला पुन्हा त्रास नको म्हणून एकदमच सांगते. जाळीपलीकडे खुर्ची करकरली. मग फादर म्हणाले, "बाळ, आगाऊ क्षमा देता येत नाही. आधी पाहून ये." काकाने ही गोष्ट पुढे मरेपर्यंत लग्नामुंजीत सांगितली, म्हणजे आमच्या लग्नांत आणि कमळाकाकूंकडच्या मुंजीत.

नववा सिनेमा लायब्ररीतला नव्हता. तो आत्याने बॅगेत घालून आणला होता आणि शेवटी लावायचा असं आल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. सकाळी कॉलेजातल्या दोघांचं प्रेम जमून झालं, गाण्यांच्या वेळी बयने तीनदा ओढणी नीट केली, दुपारी उपवासाआधीचं शेवटचं डुकराच्या मटणाचं इंडियाल आणि पाव पोटभर खाऊन झालं, आणि मग आत्याने ती कॅसेट काढली. एका सिस्टरची गोष्ट, परदेशातली, इंग्रजी. आत्या मध्येमध्ये मराठीत सांगत होती. काळापांढरा टीव्ही असल्यामुळे आधीच्या आठ सिनेमांचे रंग वाया गेले होते, याचं मात्र काही वाया गेलं नाही. एक मुलगी घर सोडते. केस कापतात. ती फरशी घासते, रोग्यांचे पाय धुते, मोठी सिस्टर रागावते तेव्हा खाली बघते, आणि शेवटी खिडकीतल्या उजेडात हसते. चांगला सिनेमा होता. कमळाकाकू रडल्या. बाबा जागे राहिले, हे एकदाच झालं.

आणि मी पहिल्या पंधरा मिनिटांत घड्याळाकडे पाहिलं. मला ते आजही स्पष्ट आठवतं, कारण मी दचकले. मागचे आठ सिनेमे मी त्यातलं कोणी ना कोणी होऊन पाहिले होते. डाकू झाले होते, सासू झाले होते, भूत झाले होते, खुनी डॉक्टर तर फारच मनापासून झाले होते. हा एकच सिनेमा माझा म्हणून लावला होता, आणि त्यातच मी बाहेर बसून राहिले. ती मुलगी हसली तेव्हा मला वाटलं, हिला बरं वाटतंय, छान. दुसऱ्या कोणाच्या लग्नात वाटावं तसं. मग सगळं एकदम आठवलं. पंधरा वर्षांची ठरलेली गोष्ट, बयचा शब्द, माउलीचा नवस, आत्या समोर बसलेली, ईस्टर दीड महिन्यावर. आत्याने विचारलं, रेजी, बोध? मी म्हणाले, फरशी घासताना तिने एक कोपरा सोडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, हो, सोडला खरा. आणि चहा मागितला.

ती रात्र मी तळमळत काढली. सकाळी देवळात कपाळाला राख लागली, तू माती आहेस याची आठवण करून देतात ती दिली, आणि दहाच्या बसने आत्या निघून गेली. मी भाषण पाठ केलं होतं. देवाची सेवा संसारात राहूनही करता येते, वगैरे, बरंचसं रविवारच्या प्रवचनातून उचललेलं. उपवासकाळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत, त्यामुळे देवळाच्या दोन पुड्याही बाजारालाच जायच्या होत्या, आणि बय मागच्या पडवीत मोगऱ्याच्या ढिगापुढे बसून वेण्या करत होती. कपाळावर राखेचा क्रूस, हातात सुई. मी समोर बसले आणि भाषण विसरले. म्हणाले, "बय, मला सिस्टर नाही व्हायचं."

तिचा हात थांबला नाही. तिने ती वेणी पुरी केली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. म्हणाली, "बरं."

मी थांबून राहिले. मी तिच्या रडण्याची, मारण्याची, निदान माउलीच्या नावाने कपाळ बडवण्याची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "पानी मार गो त्या फुलांवर, कोमेजतात."

झालं एवढंच. एवढ्यासाठी मी रात्र जागले होते. पण गावात एवढंच झालं नाही. ईस्टर आला, रेजी मठात गेली नाही, आणि देवळाच्या पायऱ्यांवर बायकांनी बयला विचारलं, काय झालं? बयने एका वाक्यात सांगितलं, सिनेमानं केलं. चार दिवस घरात सिनेमे लावले, पोरीचं डोकं फिरलं, चूक माझी. हे तिने प्रत्येकीला सांगितलं, न विचारणाऱ्यांनाही सांगितलं. काका तर ईस्टरच्या आधीच व्हीसीआर गपचूप विकून विमानात बसला होता. देवळाच्या महिला मंडळातल्या बायकांनी शनिवारची फुलं लावायचं काम दुसऱ्या घराकडे दिलं, जिच्या घरात देवाला दिलेला शब्द मोडतो तिने वेदी सजवू नये म्हणून. बयने पुड्या द्यायचं थांबवलं नाही. ती देवळाच्या दारात ठेवून यायची आणि आत दुसरीने लावलेली फुलं बघत मिस्सा ऐकायची.

मला मात्र तिचा राग आला, आणि तो चांगला तीसएक वर्षं टिकला. फुलांचं काम गेलं म्हणून नव्हे. माझ्या आयुष्यातला पहिला निर्णय मी घेतला होता, रात्र जागून, आणि माझ्या आईने तो डाकू नि कराटेवाल्यांच्या पदरात टाकला. जणू मला अक्कलच नव्हती, टीव्हीने फुंकर मारली आणि मी उडाले. मी पुढे शिक्षिका झाले, बोळिंजच्या घरात लग्न करून आले, दोन मुलं झाली, आणि वर्गात पोरांना स्वतःच्या बुद्धीने विचार करा असं सांगताना माझ्या डोळ्यांसमोर बय असायची. तिला तोंडावर कधी काही बोलले नाही. आमच्या घरात बोलणं कमीच. तीही त्या बुधवारानंतर पुन्हा कधी सिनेमा बघायला बसली नाही. घरोघर रंगीत टीव्ही आले, कमळाकाकू शनिवारच्या सिनेमाची आठवडाभर वाट बघायच्या, बय उठून वाडीत जायची. मी मनात म्हटलं, बघा, अजून सिनेमाची चूक दाखवते आहे मला. म्हातारपणी ती माझ्याकडे राहायला आली तेव्हाही तसंच.

दोन वर्षांपूर्वी मी सिस्टरआत्याला भेटायला गेले. ती आता नव्वदीला टेकली आहे, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात असते, कान तल्लख, गुडघे गेलेले. तोपर्यंत बय जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलता बोलता जुन्या गोष्टी निघाल्या आणि मी हसत हसत म्हणाले, तुमच्या त्या सिनेमाने माझी वाट बदलली आत्या, मी तुम्हाला नकार दिला तो त्या दिवशी. आत्याने चष्मा काढला. म्हणाली, "तू कुठला नकार देतेस? मी मंगळवारी संध्याकाळीच तुझ्या बयला सांगितलं होतं, हिला आम्ही घेणार नाही."

मला वाटलं वयाने घोळ होतोय. पण तिला सगळं आठवत होतं, घोडाही आणि फरशीचा कोपराही. म्हणाली, पोरगी वाईट नव्हती. पण जी प्रत्येक गोष्ट बघत बसते ती आज्ञा पाळत नाही, मठात अशीला त्रास होतो आणि ती इतरांना देते. हे मी तुझ्या बयला सांगितलं, फुलांच्या ढिगाशी. तिने दोन फुलं सुईत ओवली. मग म्हणाली, हे पोरीला सांगू नका, कोनालाच सांगू नका. बाजारातून परत आलेली वेनी कोन डोक्यात घालत नाय. माझी पोर परत आलेली नाय. मी म्हटलं, मग लोकांना काय सांगशील? ती म्हणाली, सिनेमाचं नाव सांगेन, तो काय उत्तर द्यायला येतो?

एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, मला, जिला घोड्याचा ठिपका दिसत होता. मी 'मला व्हायचं नाही' म्हणत समोर बसले तेव्हा बयला केवढं हायसं वाटलं असेल, आणि ते हायसं वाटणं तिने वेणीची गाठ मारता मारता केवढ्या शिताफीने गिळलं, ते आता कळलं. मी नकार देणारी म्हणून वाढले, तोऱ्यात वाढले. तो तोरा तिने मला घेऊन दिला होता आणि त्याची किंमत देवळाच्या पायऱ्यांवर भरली होती.

मग मी विचारलं, आणि नवस? तो तर मोडलाच ना?

"तेही तिने विचारलं," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, शब्द तू देवाला दिलास, आमच्या मठातल्या मदरला नाही. त्याला दुसरं काही दे. फार आवडीचं असेल ते."

"मग काय दिलं तिने?"

आत्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मी विचारलं नाही. पण तू तर बघणारी ना, रेजी? इतकी वर्षं शेजारी होतीस. तुला दिसलं नाही?"

शेवटची चार वर्षं बय माझ्याकडे या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये होती. दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला की ती आपली खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन बसायची, पाठ इकडे करून. आणि तिला ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम आवाज वाढवायचे.